इम्पेलर घेऊन फ्रँकफर्टला

रविवार, ५ नोव्हेंबर २०२३

दुपारी कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून, आमच्या फाउंड्रीतूनच (ओतकामाच्या कारखान्यातूनच) मुंबईकडे निघालो. बॅगेत पुतणीसाठी चकली-चिवड्याचा डबा, मापं घ्यायला सहा इंची व्हर्नियर आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक इम्पेलर, म्हणजे पंपात पाणी ढकलणारं फिरतं चाक. पुढचे पाच दिवस तो सोबत वागवायचा होता, म्हणून त्याची गोष्ट आधी सांगतो.

आमच्या एका जुन्या गिऱ्हाईकाकडे केमिकल प्लँटचे पंप आहेत. पंप बनवणारी कंपनी बंद पडली, पंप मात्र अजून चालतात. त्याला या इम्पेलरचे फक्त चार नग हवे आहेत. व्यास १९० मिलिमीटर, जाडी ५५, वजन पावणेतीन किलो, मटेरियल ३१६ स्टेनलेसचा ओतीव प्रकार, म्हणजे सीएफ८एम. इम्पेलर बंद पोटाचा: वर तबकडी, खाली तबकडी आणि मध्ये पाच वाकडे व्हेन, म्हणजे पाती. पाणी जायच्या वाटा जेमतेम ९ मिलिमीटरच्या. वाळूत ओतायचा तर साचा उठवायला पॅटर्न, म्हणजे नमुना हवा, त्या पोटासाठी कोअर, म्हणजे पोकळी राखणारा वाळूचा गाभा हवा, तो घडवायला कोअर बॉक्स हवा, आणि वाकड्या व्हेनचा कोअर बॉक्स म्हणजे पॅटर्नवाल्याची खरी परीक्षा. चार नगांसाठी पॅटर्न आणि कोअर बॉक्स करायचा खर्च चार नगांच्या किमतीपेक्षा जास्त येत होता.

म्हणून आदल्या वर्षी एका ठिकाणी तो लेझरवर थ्रीडी प्रिंट करून घेतला, म्हणजे धातूची पावडर थराथराने वितळवून. पहिल्या खेपेला काम निम्म्यावर असताना कडा प्लेटवरून उचलली गेली आणि सगळं थांबलं. दुसऱ्या खेपेला नग निघाला, पण प्रिंट होताना आधाराला दिलेल्या सपोर्टचे खुंट पोटात राहिले, तिथे ना फाइल पोचली ना ग्राइंडर. शिवाय कोटेशन निव्वळ प्रिंटचं होतं. ताण काढण्याची हीट ट्रीटमेंट, प्लेटपासून वायरकट, म्हणजे विजेच्या तारेने कापणं, सपोर्ट तोडणं, मशीनिंग या सगळ्याची बिलं मागून आली आणि नग अडीच पट महाग पडला. तंत्र वाईट आहे, असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. आपल्याला विचारायचा प्रश्नच कळला नव्हता, एवढं खरं. तो प्रश्न घेऊन मी फ्रँकफर्टच्या ‘फॉर्मनेक्स्ट’ या प्रदर्शनाला निघालो होतो. धातू थराथराने घडवणारी जवळजवळ सगळी तंत्रं तिथे दर नोव्हेंबरात एका छताखाली येतात.

सोमवार, ६ नोव्हेंबर

सकाळी उतरलो. गार हवा, पावसाची भुरभुर आणि साडेचारलाच दिवेलागण. पुतणी जर्मनीतल्याच आखेनला मास्टर्स करते, ती दुपारच्या गाडीने आली. डबा उघडून तिने पहिली चकली स्टेशनवरच खाल्ली.

संध्याकाळी प्रदर्शनाची जागा बघून ठेवायला गेलो. तिथल्या उंच टॉवरसमोर सत्तर फुटी काळा पुतळा आहे, हातात हातोडा घेतलेला. हात सावकाश वर जातो, सावकाश खाली येतो. दिवसभर, न थांबता. लोक शेजारून फोनवर बोलत जात होते. मी बराच वेळ उभा राहिलो. लोखंडाशी काम करणाऱ्या माणसाचा एवढा मोठा पुतळा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

प्रदर्शन ११ आणि १२ नंबरच्या हॉलमध्ये, दोन-दोन मजल्यांवर. आठशेहून अधिक प्रदर्शक. पहिला दिवस फक्त लेझर पावडर बेडला द्यायचा, असं आम्ही ठरवलं होतं, कारण धातूच्या प्रिंटिंगमध्ये आज सर्वांत जास्त चालतं ते हेच.

काम असं चालतं. बंद चेंबरमध्ये आरगॉन किंवा नायट्रोजन भरलेला. खाली जाड स्टीलची प्लेट. तिच्यावर १५ ते ४५ मायक्रॉनच्या पावडरचा पातळ थर पसरतो, लेझर त्यातला हवा तेवढा भाग वितळवून खालच्या थराला जोडतो, प्लेट एका थराएवढी खाली जाते आणि पुन्हा पावडर. थराची जाडी ३०, ४०, ६० मायक्रॉन. आपल्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरतात, म्हणजे थर केसाहून बारीक.

पुतणी म्हणाली, “काका, हे आमच्या गावचं आहे.” आखेनच्या फ्राउनहोफर लेझर संस्थेने १९९६ मध्ये याचं पेटंट नोंदवलं. त्याआधी पावडरमध्ये लवकर वितळणारा दुसरा धातू मिसळून कण चिकटवायचे. आखेनच्या लोकांनी साधी, एकाच धातूची पावडर पूर्ण वितळवून भरीव नग काढला. तिचे प्राध्यापक हे शिकवताना अजून रंगात येतात म्हणे.

एका स्टॉलवर मी टॉवेल सोडून इम्पेलर टेबलावर ठेवला. पन्नाशीचा इंजिनिअर होता. त्याने हात पुसले, मग इम्पेलर उचलला. ते मला फार बरं वाटलं. त्याने पोटात टॉर्च मारला, बोटाने व्हेन चाचपला आणि कागद ओढून चित्र काढायला बसला.

आडवा ठेवला तर उंची ५५ मिलिमीटर. ४० मायक्रॉनचा थर धरला तर १,३७५ थर. पण आडव्यात वरची तबकडी हवेत तरंगते, खाली नुसती सैल पावडर. पंचेचाळीस अंशांपेक्षा चपटं छत सपोर्टशिवाय उभं राहत नाही, वितळलेला धातू पावडरमध्ये बुडतो, वाकतो. म्हणजे पोटात सपोर्ट आले, आणि आमचे खुंट तिथूनच आले होते. तिरका, पंचेचाळीस अंशांत ठेवला तर पोटातले बरेच सपोर्ट वाचतात, पण उंची जाते १७३ मिलिमीटरवर आणि थर होतात सव्वाचार हजारांच्या वर. एक थर पसरायला दहा सेकंद धरले तरी नुसती पावडर पसरायलाच बारा तास. लेझरचं काम वेगळं. भाडं मशीनच्या तासाचं असतं आणि तास उंचीने वाढतात, हे त्या कागदावर मला पहिल्यांदा नीट उमगलं. ओतकामात नगाची उंची हा खर्चाचा मुद्दा कधीच नसतो.

मग मी आणलेला प्रश्न विचारला: “मशीनमधून बाहेर आल्यावर पुढे काय?” त्याने आडपडदा न ठेवता यादी सांगितली. पावडर झटकून, चाळून परत घ्यायची. नग प्लेटसकट भट्टीत, कारण थरागणिक तापून-गार होऊन आत ताण साठलेला असतो आणि आधीच कापलं तर नग केळ्यासारखा वाकतो. मग वायरकट. मग सपोर्ट. गरज असेल तर हॉट आयसोस्टॅटिक प्रेस, म्हणजे हजार बारच्या आसपास दाबाखाली तापवून आतली छिद्रं मिटवणं. मग मशीनिंग आणि तपासणी. आदल्या वर्षी मला हे एवढं कोणी सांगितलं असतं तर!

एक गोष्ट त्याने अभिमानाने सांगितली आणि ती खरी आहे. लेझरने काढलेल्या ३१६एलची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे कायमचं न वाकता ताण सोसायची ताकद, आमच्या ओतीव ३१६च्या दुपटीच्या घरात जाते. धातू क्षणात गोठतो, त्यामुळे आतली रचना अतिशय बारीक राहते. वाळूच्या साच्यात धातू निवांत गोठतो, रवा मोठा होतो. हे ऐकून मी गप्प झालो. मी ओतकामाचा माणूस आहे, पण आकडा तो आकडा.

मग हे तंत्र नक्की कुणासाठी? उत्तर दुसऱ्या मोठ्या मशीनपाशी मिळालं. बारा लेझर, प्रत्येकी एक किलोवॉटचा, ६०० मिलिमीटर घनाकार जागा. त्यातून विमानाचे आणि रॉकेटचे नग निघतात. जीईच्या लीप या विमान-इंजिनातला इंधनाचा नॉझल हे नेहमीचं उदाहरण: पूर्वी वीस तुकडे जोडून व्हायचा, आता एकच नग, वजन चतुर्थांशाने कमी, आणि एका इंजिनात असे १९. आपल्याकडचं उदाहरण यानंतर सहा महिन्यांनी आलं, ते इथेच जोडतो. ९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं प्रिंट केलेलं इंजिन ६६५ सेकंद चालवून दाखवलं. आधी १४ भाग आणि १९ वेल्ड होते, आता एकच भाग. फोर्जिंग आणि पत्र्याच्या मार्गाने ५६५ किलो माल लागायचा, तिथे पावडर लागली १३.७ किलो. जिथे वेल्ड म्हणजे धोका आणि ग्रॅमही महाग, तिथे हे तंत्र पैसे वसूल करतं. माझ्या इम्पेलरात वेल्डही नाही आणि तो उडणारही नाही.

बुधवार, ८ नोव्हेंबर

आजचा दिवस सगळ्यात भारी गेला.

सकाळी एका पावडरवाल्याच्या स्टॉलवर गेलो. काचेच्या बाटलीत करड्या रंगाची पावडर होती. बाटली तिरकी केली तर पाऱ्यासारखी सुळकन सरकत होती. तळहातावर घेऊ का, विचारलं, तर त्याने हातमोजा दिला. शेजारच्या सूक्ष्मदर्शकात पाहिलं: गोल गोल दाणे, राजगिऱ्यासारखे. काही मोठ्या दाण्यांना पिटुकले दाणे चिकटलेले. असे चिकटलेले फार झाले तर पावडर नीट वाहत नाही. वाहते की नाही हे तपासायला एक छोटं नरसाळं असतं. पन्नास ग्रॅम पावडर ओतायची आणि किती सेकंदांत खाली येते ते मोजायचं. आपण रोज सकाळी वाळूची ताकद आणि ओलावा तपासतो, तशीच ही रोजची तपासणी.

पावडर कशी करता, म्हणून विचारलं. त्याने फोनवर व्हिडिओ दाखवला. इंडक्शन फर्नेसमध्ये स्टेनलेस वितळलेलं, बारीक नळीतून धार खाली येते आणि चहूबाजूंनी आरगॉनचे झोत त्या धारेवर आदळतात. धार फुटते, थेंब पडता पडता गोल होतात आणि गोठतात. मी पुतणीला म्हटलं, “अगं, हीसुद्धा भट्टीच की.” दोन दिवस सगळीकडे ऐकत होतो की आता ओतकामाची गरज नाही, आणि सगळ्यांचा कच्चा माल निघतो तो हीट लावूनच, म्हणजे धातूची खेप वितळवूनच! फरक एवढाच की त्यांच्या साच्याचं माप दाण्याएवढं. हे बघून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

त्याने एक इशाराही दिला, तो जसाच्या तसा लिहितो. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमची बारीक पावडर हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर पेटते, स्फोट होतो. अर्थिंग, योग्य व्हॅक्युम क्लीनर, मास्क यात कसूर चालत नाही. आपल्याकडे कुणी छोट्या गाळ्यात असं मशीन घालायचा विचार करत असेल तर आधी याचा खर्च धरावा.

तिथून बाइंडर जेटिंगकडे. याचं मूळ अमेरिकेतल्या एमआयटीत, १९८९ चं पेटंट. इथे लेझर नाही. पावडरच्या थरावर इंकजेटसारखं हेड फिरतं आणि हवं तिथे गोंदाचे थेंब टाकतं. सैल पावडरच नगाला चहूबाजूंनी धरून ठेवते, म्हणून सपोर्ट लागत नाही, आणि एका डब्यात नगावर नग रचता येतात. माझ्या बंद पोटाच्या इम्पेलरला हे तर वरदानच, असं वाटलं.

तिथल्या मुलीने ‘ग्रीन’ नग माझ्या हातात दिला. ग्रीन म्हणजे अजून न भाजलेला, नुसता गोंदाने धरलेला. बोटांना तो हुबेहूब आमच्या सीओटू वायूने घट्ट केलेल्या वाळूच्या कोअरसारखा लागला. कडेला अंगठा जरा जोरात लागला आणि कोपऱ्याचे चार दाणे सुटले. मी माफी मागितली. ती हसून म्हणाली, म्हणूनच तर हातात देते, लोकांना कळावं. ब्रशने आणि हवेने पोटातली पावडर काढताना असेच नग जातात. त्यानंतर भट्टी: आधी गोंद जाळायचा, मग ३१६एलसाठी १,३५० अंशांच्या पुढे सिंटरिंग. कण एकमेकांत मुरतात, नग भरीव होतो आणि आकसतो. प्रत्येक मापात सोळा, सतरा, अठरा टक्के.

मी व्हर्नियर काढली. १९० चा इम्पेलर हवा तर सतरा टक्क्यांच्या हिशोबाने २२९ चा प्रिंट करायचा. आमच्या पॅटर्नवाल्या मिस्त्रींकडे आकुंचनाची वेगळी पट्टी असते, स्टेनलेससाठी मीटरला वीस-पंचवीस मिलिमीटर वाढवलेली. तेवढ्यासाठी ते आयुष्यभर डोकं लावतात. इथे ३९ मिलिमीटरचा फरक, आणि तोही सगळीकडे सारखा नाही, कारण मधला जाड हब एका चालीने आकसतो, पातळ तबकडी दुसऱ्या. मऊ पडलेला नग भट्टीत स्वतःच्या वजनानेही बसतो. मुलीने इम्पेलर हातात घेऊन स्पष्टच सांगितलं: हा जड आहे, चारच नग आहेत, आमच्याकडे आणू नका. मुठीत मावणारा नग आणि हजारोंची संख्या असेल तर या. आकुंचनाचं गणित पहिल्या काही खेपांत बसवायचं असतं आणि तो खर्च हजारांवर वाटला तरच परवडतो. विकायला बसलेल्या माणसाने इतकं सरळ बोलावं, याचं मला कौतुक वाटलं.

फिलामेंटवाली मशीनही याच जातीची. प्लॅस्टिकच्या तारेत वजनाने ऐंशी टक्क्यांहून जास्त धातूची पावडर भरलेली, साध्या प्रिंटरसारख्या मशीनवर निघते, मग गोंद काढणं आणि सिंटरिंग. मशीन स्वस्त, पावडर हवेत उडत नाही. जिग, फिक्श्चर, एखादा ब्रॅकेट यासाठी उत्तम. जाड भागातून गोंद बाहेर यायला फार वेळ लागतो, म्हणून माझ्या हबसाठी नाही. तिथे दहा मिनिटांत निघालो.

शेवटी इलेक्ट्रॉन बीम. हेही पावडर बेडच, पण लेझरऐवजी निर्वातात इलेक्ट्रॉनचा झोत, चुंबकाने वळवलेला. आरसे फिरवायचे नसल्यामुळे तो विलक्षण चपळ. पावडर आधीच तापवून लालबुंद ठेवतात, टायटॅनियमला सातशे अंशांच्या आसपास, त्यामुळे नगात ताण जवळपास साठतच नाही. पावडर लेझरपेक्षा जाड, पृष्ठभाग खरबरीत. आजूबाजूची पावडर अर्धवट चिकटून ढेप बनते आणि तीच पावडर झोताने मारून ती फोडावी लागते. टेबलावर खुब्याच्या सांध्याची टायटॅनियमची वाटी होती. बाहेरून प्रवाळासारखी जाळीदार, जाळीत हाड वाढून वाटी पक्की बसावी म्हणून. माझ्या आईचा खुबा बदललेला आहे. ती वाटी मी बराच वेळ हातात धरून होतो. या कामात खरबरीतपणा हाच गुण आहे. इम्पेलरचं तिथे काढलंच नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

घरी आज वसुबारस. सकाळी बायकोचा फोन झाला, मग हॉल.

आज तारेचं काम बघायचं होतं. रोबोच्या हातात मिग वेल्डिंगची टॉर्च, १.२ मिलिमीटरची तार, आणि मण्यावर मणी चढवत भिंत उभी राहते. काळ्या काचेआडून मी पाहत होतो. एक मणी पाच-सहा मिलिमीटर रुंद, दोनेक उंच. तासाला दोन-तीन किलो धातू सहज चढतो. लेझर पावडर बेडच्या एका लेझरला तेवढ्यासाठी दिवस लागेल. बाजू पन्हाळ्याच्या पायऱ्यांसारख्या, म्हणून सगळीकडून मशीनिंग आलंच. माझ्या इम्पेलरच्या पोटात टूल जात नाही, त्यामुळे अख्खा इम्पेलर यावर होणार नाही.

मोठ्या नगांना मात्र तोड नाही. रॉटरडॅम बंदरात २०१७ मध्ये याच पद्धतीने जहाजाचा पंखा केला: व्यास १,३५० मिलिमीटर, वजन चारशे किलोच्या आसपास, निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ, २९८ थर. ॲमस्टरडॅमच्या कालव्यावर २०२१ मध्ये रोबोंनी वेल्ड करून घडवलेला बारा मीटरचा स्टेनलेसचा पादचारी पूल बसवला होता.

त्याच रांगेत लेझर आणि पावडरच्या नोजलने डागडुजी करणारं मशीन होतं. झिजलेल्या शाफ्टवर थर चढवून पुन्हा टर्निंग. इथे मी इम्पेलर पुन्हा काढला. आमच्या गिऱ्हाईकाचे जुने इम्पेलर मरतात ते बहुतेक वेअर रिंगच्या, म्हणजे झीज झेलणाऱ्या कड्याच्या जागी, गळ्याशी. व्हेन शाबूत असतात. म्हणजे चार नवे करण्याआधी, भंगारात टाकलेल्यांपैकी एखाद-दुसरा गळा भरून वाचवता येईल का? हे माझ्या डोक्यात इथे येईपर्यंत आलंच नव्हतं. ऑपरेटर म्हणाला, रोजचं काम आहे. वहीत ठळक लिहून घेतलं. आमचे वेल्डर कास्टिंगवरची छिद्रं टिग वेल्डिंगने भरतात, तोच हात, फक्त माप आणि उष्णता काबूत ठेवणारा.

दुपारनंतर वाळू. खरं सांगायचं तर मी तिकडे शेवटी गेलो, कारण मी धातू बघायला आलो होतो. पण दहा पावलांवरूनच वास आला. वाळू बांधणाऱ्या फ्युरान रेझिनचा, आंबूस, नाकात बसणारा. घरी आल्यासारखं झालं.

हेही बाइंडर जेटिंगच, फक्त पावडरच्या जागी फाउंड्रीची वाळू. थर ०.३ मिलिमीटरच्या आसपास. पॅटर्न नाही, कोअर बॉक्स नाही. ड्रॉइंग दिलं की साचा आणि कोअर थेट निघतात. फ्रीडबर्गच्या व्हॉक्सेलजेटच्या सगळ्यात मोठ्या मशीनचा डबा तर ४ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच आहे. बीएमडब्ल्यूच्या लांड्सहूटच्या फाउंड्रीत इंजिनाचे कोअर वाळूत प्रिंट होतात. म्हणजे हे चार-दोन नगांपुरतंच नाही.

मी इम्पेलर ठेवला आणि तिथल्या माणसाने तो उचलायच्या आधीच मला उत्तर कळलं होतं. धातू माझाच, भट्टी माझी, ३१६ ची हीट माझी, टेस्ट सर्टिफिकेट गिऱ्हाईकाला ओळखीचं. फक्त कोअर बॉक्स लागणार नव्हता, आणि सगळं अडलं होतं ते तेवढ्यावरच. मग आम्ही दोघांनी तासभर बारकावे काढले. कोअरमध्ये व्हेनच्या जागी ज्या खाचा पडतात त्यातली सैल वाळू हवेने आणि मऊ ब्रशने काढायची. पोटात थरांच्या पायऱ्या उमटू नयेत म्हणून झिरकॉनचा वॉश, म्हणजे लेप. आणि कोअरच्या आतच गॅस बाहेर न्यायला पोकळ नळ्या प्रिंट करता येतात, ही गोष्ट हाताच्या कोअरमध्ये सुईने टोचून जेमतेम साधते. ब्लो होलमुळे, म्हणजे अडकलेल्या गॅसच्या छिद्रांमुळे, किती नग गेले आहेत माझे! आपल्या देशातही वाळू प्रिंट करून देणारे आहेत, मशीन विकत घ्यायची गरज नाही.

त्याने मुठीएवढा एक नमुना कोअर दिला, वाकड्या व्हेनच्या खाचांचा. रात्री तो टॉवेलात इम्पेलरशेजारी गुंडाळला.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता, पण माझं काम झालं होतं. धनत्रयोदशी. पुतणी म्हणाली, आज काहीतरी चांगलं बघू. एस-८ लोकल धरून पाऊण तासात माइन्झला गेलो, गुटेनबर्गच्या गावी.

संग्रहालयाच्या अंधाऱ्या दालनात त्याचं बायबल होतं, पानाला ४२ ओळी. शाई आजही काळीभोर. पण मी रमलो ते खालच्या कार्यशाळेत. एका बाईंनी हातसाचा दाखवला. लाकडाचं आवरण असलेला, दोन अर्धे एकमेकांत सरकणारा, तळाशी अक्षराचा तांब्याचा ठसा. पळीभर वितळलेला धातू, शिसं, कथील आणि अँटिमनीचा मिश्रधातू, आत ओतला, हाताला एक झटका दिला, साचा उघडला आणि चकचकीत अक्षर बाहेर पडलं. जेमतेम काही सेकंद. ओतायच्या तोंडाशी राहिलेली शेपटी बाईंनी बोटांनी मोडली. मी पुतणीला म्हटलं, “ही बघ रनर, साच्यात धातू जायची वाट.”

अक्षराची उंची सगळ्यांची सारखी, रुंदी मात्र साचा सरकवून हवी तेवढी. ‘आय’ला अरुंद, ‘एम’ला रुंद. एकाच साच्यात सगळी लिपी. छपाई म्हणून आपण ज्याला जगभर ओळखतो, त्याच्या मुळाशी हे ओतकाम होतं. मधोमध साडेपाचशे वर्षं आणि तीस किलोमीटर, आणि आता छपाईच फाउंड्रीकडे परत येते आहे, वाळूचे साचे करायला. बाईंना पुतणीने जर्मनमध्ये सांगितलं की काकांची फाउंड्री आहे. त्यांनी ते ताजं अक्षर माझ्या तळहातावर ठेवलं. अजून कोमट होतं.

संध्याकाळी राइनच्या काठी उरलेला चिवडा संपवला. तिची परीक्षा आहे, ती रात्रीच आखेनला परतली.

रविवार, १२ नोव्हेंबर

मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरलो आणि सकाळी कोल्हापूर. अभ्यंगस्नान उशिरा झालं, आईने तरी उटणं लावलंच.

संध्याकाळी फाउंड्रीत लक्ष्मीपूजन. भट्टी थंड, अंगण झाडलेलं, पॅटर्नच्या रॅकला झेंडूच्या माळा. पेढे वाटून झाले तसे पॅटर्नवाले मिस्त्री जवळ आले. गेली तीस वर्षं आमचे पॅटर्न त्यांच्या हातचे आहेत. हा कोअर दाखवला तर त्यांना काय वाटेल, याची मला सगळ्या प्रवासात धाकधूक होती.

त्यांनी तो उजेडात धरला. खाचेत नख घालून पाहिलं, वास घेतला, पट्टी लावली.

“वाळू झ्याक हाय मालक. मापबी हाय.” मग कोअरची डोळ्याकडची, म्हणजे पाणी आत शिरायच्या तोंडाकडची, निमुळती जीभ बोटाने दाखवली. “पन हितं तार कुठं घालणार? आपण हातानं करतो तवा आत तार असती म्हणून ही जीभ तगती. ह्यात तारच न्हाई. धातूची धार आली की मोडणार.”

आठशे प्रदर्शकांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. वाळू थराथराने पडते, तिच्यात तार घालायला जागाच नाही.

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, पेढ्यांचा रिकामा पुठ्ठा उलटा केला आणि जिभेच्या मुळाशी मोठी त्रिज्या काढून, खालचा कोअर प्रिंट, म्हणजे कोअर साच्यात टेकतो तो भाग, बोटभर लांब वाढवला. “असं करा म्हनावं त्यास्नी. आन् रनर ह्या बाजूनं नको, समोरनं घ्या, मंजी धार जिभेवर पडणार न्हाई.”

तो पुठ्ठा मी फोटो काढून रात्रीच पुतणीला पाठवला. ड्रॉइंगवर तो बदल तीच करणार आहे.